लटारूची चौकशी

नागपूरहून आलेल्या गुणवंतरावांनी भिंतीशी मांडलेल्या एकाही स्टुलाकडे ढुंकून पाहिलं नाही, तेव्हाच दादाजी मास्तरांनी ओळखलं, की आज काही खरं नाही. गेले चार दिवस सुतारशाळेतल्या सहाही पोरांनी रंधा मारून मारून हात सोलून घेतले होते. स्टुलं होती, पाट होते, एक पाळणासुद्धा होता. आणि हा चष्मेवाला तरुण अधिकारी मूल गावातल्या भाड्याच्या गोदामात शिरून पहिलं काय विचारतो, तर लिहायला टेबल आहे का.

टेबल होतं. तेही पोरांनीच केलेलं होतं.

"साहेब, जोडणी पाहा ना जी याची. एक खिळा नाई कुठी," मास्तर म्हणाले.

"मास्तर, मी वस्तू तपासायला आलेलो नाही. मी परिणाम तपासायला आलोय."

परिणाम नेमका कुठे ठेवलेला असतो, हे मास्तरांना ठाऊक नव्हतं.

ही सुतारशाळा साधी नव्हती. किरकोळ गुन्ह्यांत सापडलेल्या या पोरांना चांद्याच्या न्यायाधीशांनी तुरुंगात न धाडता वर्षभराच्या चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडलं होतं. अट एकच, वर्षभर मूलला राहून सुतारकाम शिकायचं. कोणी कोंबड्या पळवल्या होत्या, कोणी जंगलखात्याचं सागवान तोडलं होतं. लटारूनं तर आपल्याच गावातल्या एका माणसाचं नवंकोरं मासळीचं जाळं वडसाच्या मंडईत, म्हणजे तिथल्या जत्रेत, विकलं आणि त्यावर तीन रात्री नाटकं पाहिली. चौथ्या रात्री पोलिसांनी त्याला तंबूतूनच उचललं, तेव्हा शेवटचा अंक तेवढा होऊ द्या, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

आता अशा शाळांचा काही उपयोग होतो का, असा प्रश्न वरच्या कचेरीला पडला होता. त्याचं उत्तर शोधायला गुणवंतराव बावीस प्रश्नांचा छापील तक्ता घेऊन जिल्ह्याजिल्ह्यांत हिंडत होते. त्यांनी 'उपयोग नाही' असं लिहिलं की शाळा बंद होणार. शाळा बंद झाली की अट मोडली, म्हणजे पोरं पुन्हा न्यायाधीशांसमोर आणि तिथून थेट तुरुंगात. मास्तरांनी तीस वर्षं बैलगाड्यांची चाकं घडवली होती, पण चाक वाकडं निघालं म्हणून त्यांची झोप कधी उडाली नव्हती. या पोरांच्या काळजीनं मात्र आठवडाभर डोळ्याला डोळा लागला नव्हता.

"यातला एक मुलगा निवडतो," गुणवंतराव म्हणाले आणि डोळे मिटून त्यांनी यादीवर बोट ठेवलं. बोट लटारूच्या नावावर पडलं. "उद्या याच्या गावी जाऊन शेजारपाजारी चौकशी करणार. शिक्षकाला विचारलं तर प्रत्येक विद्यार्थी चांगलाच असतो. शेजारी खरं सांगतात. फक्त कशासाठी विचारतोय ते त्यांना कळता कामा नये. कळलं की लोक उत्तरं घडवतात. ही शास्त्रीय पद्धत आहे."

"मी येऊ का जी वाट दाखवाले?"

"या. पण गावात तोंड उघडायचं नाही. एक शब्द नाही. वचन द्या."

मास्तरांनी रंध्यावर हात ठेवून वचन दिलं. सरळ माणूस असल्यामुळे ते पाळायचंही त्यांनी ठरवलं, आणि पुढचं सगळं रामायण तिथूनच सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं बैलांच्या रेंगीत बसून लटारूच्या गावी, आंबटोल्याला निघाले. आपण सरकारी माणूस वाटू नये म्हणून गुणवंतरावांनी पाटलोण ट्रंकेत टाकून पांढरंशुभ्र धोतर नेसलं होतं. वर काळा कोट, डोक्याला टोपी, खांद्यावर उपरणं, हातात छत्री. मास्तरांनीही साहेबांबरोबर जायचं म्हणून धुवट फेटा बांधला होता. आंबटोल्यात मास्तरांना कोणी ओळखत नव्हतं. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज ऐकून अर्धं गाव आधीच दारात आलं होतं.

पहिल्याच घरापुढे सुगंधाबाई सुपात तांदूळ पाखडत बसली होती. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"कुठचे जी तुमी?"

"नागपूरचे."

"अन् इकडं?"

"सहज. थोडी चौकशी होती," गुणवंतराव म्हणाले. "लटारू नावाचा मुलगा इथलाच ना?"

सुगंधाबाईचं सूप हातातल्या हातात थांबलं. तिनं धोतर पाहिलं, कोट पाहिला, उपरणं पाहिलं. मागे तोंडाला कुलूप लावून उभा असलेला फेटेवाला म्हातारा पाहिला. मग तिनं आतून चटई आणली, पाणी आणलं आणि पाण्याबरोबर गुळाचा खडाही आणला.

"वय काय त्याचं?" गुणवंतरावांनी सुरुवात केली.

"विसावं चालू हाये जी."

"दारू, जुगार, काही व्यसन?"

"नाव नका घेऊ. सुपारीबी नाई खात."

"वागणूक कशी आहे?"

"गाय हाये पोरगा. चार बायका पान्यावर उभ्या असल्या तं मान खाली घालून जाते."

"कधी चोरीबिरीचा आळ वगैरे?"

"कोन्या मेल्यानं सांगितलं तुमाले?" सुगंधाबाई एकदम म्हणाली. मग आवाज मऊ करून तिनं जोडलं, "त्याच्या हाताले दुसऱ्याची वस्तू लागन तं हात धुवून घेते तो."

गुणवंतरावांनी सगळं टिपून घेतलं. ते शाई वाळवत असताना सुगंधाबाई मास्तरांच्या कानाशी आली.

"पोरगी कशी हाये जी? उजळ हाये ना?"

मास्तरांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पण वचन म्हणजे वचन. त्यांनी डोळे मोठे केले, मान हलवली, दोन्ही हात हलवले. सुगंधाबाईला त्यातून काय समजायचं ते समजलं. आत जाऊन तिनं मागच्या दारानं लटारूच्या आईकडे निरोप धाडला.

आता या झाडीच्या मुलखातल्या कुठल्याही गावात एक रीत आहे. कोणाच्या पोराची सोयरीक जुळत असेल, तर सात पिढ्यांचं वैर असलं तरी त्या दिवशी चांगलंच बोलायचं. ठरलेली सोयरीक मोडण्याचं पाप कोणी आपल्या माथी घेत नाही. गुणवंतराव शास्त्र शिकले होते, पण त्यांच्या पुस्तकात आंबटोला नव्हता.

दुसरं घर खुशालचं. परसाच्या हद्दीच्या, म्हणजे धुऱ्याच्या, भांडणावरून खुशाल लटारूच्या घरच्यांशी दोन वर्षं बोलत नव्हता. पण निरोप त्याच्यापर्यंत आधीच पोचला होता.

"शेती आहे का त्यांना?"

"हाये ना जी. तो बांध दिसते ना, तिथून त्या मोहाच्या झाडापावतर," खुशाल म्हणाला, आणि आपली स्वतःची चार एकर धानाची बांदी त्यानं उदार मनानं लटारूच्या नावावर लावून टाकली. ज्याच्यासाठी तो दोन वर्षं भांडत होता, तो परसाचा धुरासुद्धा त्यातच गेला.

मास्तर खोकले. गुणवंतरावांनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं, तसा त्यांनी उरलेला खोकला गिळला.

मग गावचा कोतवाल भेटला. गेल्या वर्षी पोलिसांना लटारूच्या मागावर वडसाला नेणारा हाच. त्यानं छातीवर हात ठेवून सांगितलं, "आमच्या गावात चोरी होतच नाई सायेब. मले तं कामच नाई काही."

गुणवंतरावांचा चेहरा आता हळूहळू आंबट होऊ लागला होता. ते लटारूच्या घरापाशी पोचले तेव्हा तिथे गोठ्यात दोन बैलजोड्या बांधलेल्या होत्या. एक बैल तर सुगंधाबाईच्या दारातून आत्ताच गेलेला गुणवंतरावांनी पाहिला होता, पण शहरच्या माणसाला सगळे बैल सारखेच. ओसरीवर धानाची पोती होती, पितळी घंगाळं होती, आणि पोलीस पाटलाच्या घरची खुर्ची होती. लटारूची आई देवकाबाई कोरं लुगडं नेसून दारात उभी होती. लुगडं शेजारणीचं असल्यामुळे ती फार हलत नव्हती.

"बसा जी. गरिबाचं घर हाये," ती म्हणाली.

गुणवंतराव बसले नाहीत. मास्तरांना बाजूला गोठ्यापाशी घेऊन गेले.

"मास्तर, तुम्हाला लाज वाटायला हवी होती."

मास्तरांना अजून बोलायची परवानगी नव्हती.

"गरीब, वाट चुकलेला मुलगा म्हणून तुम्ही याला दाखवलात. याला शेती आहे, चार बैल आहेत, आणि याच्यावर साधा आळसुद्धा नाही. कोर्टाच्या यादीत चांगल्या घरची सज्जन मुलं घुसवायची आणि वर्षअखेर सगळी सुधारली म्हणून आम्हाला सांगायचं. बरं सोपं आहे. मी शाळा बंद करण्याची शिफारस करणार."

मास्तरांनी वचन मोडलं.

"साहेब, हे लोकं तुमाले पोरीकडचे समजून राह्यले."

"कुठल्या पोरीकडचे?"

"लटारूले पोरगी द्यावाले आलेले."

"काहीतरीच. माझ्या तक्त्यात बावीस प्रश्न आहेत. त्यात लग्नाचा एक शब्द नाही."

"तो तक्ता वाचा ना जी एक डाव."

गुणवंतरावांनी तक्ता काढला आणि वाचू लागले. वय. शिक्षण. घरची माणसं. जमीनजुमला. व्यसनं. शेजाऱ्यांशी संबंध. काही आजार. पाचव्या प्रश्नाला त्यांचा आवाज खाली आला. नवव्याला त्यांनी चष्मा काढला. मागच्याच वर्षी बहिणीसाठी स्थळ बघायला ते वडिलांबरोबर वर्ध्याला गेले होते, आणि तिथे वडिलांनी याच क्रमानं हेच विचारलं होतं.

"अरे देवा," गुणवंतराव म्हणाले. "मग आता?"

"आता खरं सांगा त्याईले."

एव्हाना अंगणात सगळं गाव गोळा झालं होतं. गुणवंतरावांनी घसा साफ केला. "हे पाहा, मी मुलीकडचा नाही. मी सरकारी अधिकारी आहे. लटारूनं चोरी केली होती, हे मला माहीत आहे. तुम्ही निर्धास्तपणे खरं काय ते सांगा."

मग खुशाल शेजारच्याला कौतुकानं म्हणाला, "नागपूरवाले लय हुशार हायेत बावा. कशी परीक्षा घेऊन राह्यले पाहा." आणि पुढे होऊन त्यानं लटारूच्या नावावर आणखी दोन एकर चढवली.

"पण मी खरंच सरकारी माणूस आहे."

"असान ना जी," सुगंधाबाई म्हणाली. "सरकारी मानसाच्या घरी पोरी नसते काय? पोरगा हाताचा जाऊ देऊ नका."

मास्तरांना राहवेना. ते पुढे झाले. "मी लटारूचा मास्तर हावो. त्यानं जाळं चोरलं होतं. मी कोर्टाचा कागद पाह्यला हाये."

ही मात्र मोठी चूक झाली. इतका वेळ मुका असलेला म्हातारा नेमका वाईट बोलायला तोंड उघडतो, म्हणजे काय ते बायकांच्या लगेच ध्यानात आलं.

"अवं, हा सोयरीक मोडाले आला," सुगंधाबाई म्हणाली.

"दुसऱ्या कोन्या पोरावाल्यानं धाडला असन," मागून कोणी म्हणालं.

"त्याले उभा काऊन केला इथी? काढा बाहेर."

देवकाबाई शेजारणीच्या लुगड्याची पर्वा न करता दारातून खाली उतरली. "काय वाकडं केलं जी माह्या पोरानं तुमचं?" तिनं विचारलं, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या पोराला वाचवायला ते तोंड उघडत होते, त्याच्याच आईला ते वैरी वाटत होते. दोन तरुण त्यांच्या दोन्ही दंडांशी येऊन उभे राहिले. गुणवंतराव छत्री घट्ट धरून, मिळेल त्या वाटेनं रेंगीकडे सरकू लागले.

तेवढ्यात तलावाच्या पाळीवरून एक माणूस तरातरा आला. कमरेपर्यंत ओला, खांद्यावर जाळं, जाळ्यात अजून दोन मासळ्या तडफडत होत्या. हा मुखरू. लटारूनं विकलं ते जाळं याचंच, आणि पोलिसांत फिर्याद देणाराही हाच.

"कुठी हायेत ते नागपूरवाले?"

"मुखरूभाऊ, आजच्या दिवस गप राह्य," सुगंधाबाई कळवळून म्हणाली.

"काऊन गप राहू? जाळं माहं चोरलं. ठान्यात मी गेलो. चांद्याच्या कोर्टात दोनदा उभा मी राह्यलो. अन् पोरगा नागपूरवाल्याईनं न्यायचा?"

गुणवंतराव थांबले. आज सकाळपासून पहिल्यांदाच गावातलं कोणीतरी लटारूच्या चोरीबद्दल स्वतःहून बोलत होतं. "म्हणजे यानं चोरी केली होती, असं तुम्ही म्हणता?"

"केली म्हंजे? साऱ्या गावाले मालूम हाये. चार महिने विनत होतो ते जाळं." मुखरूनं गावाकडे पाहिलं. गाव खाली पाहू लागलं. "पन ध्यानात ठेवा, या पोरावर पह्यला हक्क माहा हाये. माह्या कुंतासाठी मी त्याले कवाचा पाहून ठेवला."

देवकाबाई मटकन ओसरीवर बसली. हे तिलाही नवीन होतं.

"तुम्ही फिर्यादी," गुणवंतराव सावकाश म्हणाले, "आणि तुम्हीच त्याला मुलगी देणार?"

"महिन्यातून एक डाव सुट्टीले येते ना जी तो. पह्यल्या डावा माफी मांगाले आला तं मी वल्हं घेऊन मांगं धावलो. दुसऱ्या डावा आला, काही बोलला नाई. तलावावर माहा डोंगा पडला होता फुटका. दिवसभर बसला अन् बूड बदलून देल्लं. तिसऱ्या डावा खुशालचा केला. आता सांगा, जाळं विननारे गावात वीस हायेत. डोंगा नीट करनारा पाच गावात एक नाई."

"आणि मुलीला विचारलंत?"

"तिनंच तं म्हटलं. बाबा, तुमाले चोर धरून पायजे का डोंगा नीट करून पायजे, ते ठरवा म्हने."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत, मुखरूभाऊ?" मास्तरांनी विचारलं. दंडाशी उभे असलेले तरुण आता जरा लांब सरकले होते.

मुखरूनं आवाज खाली आणला. "केस चालू हाये ना जी. फिर्यादी अन् चोर यायनं मधातच सोयरीक केली, तं जजसाहेब दोघालेबी आत टाकतीन. म्हून वरीस पुरं व्हायची वाट पाहून राह्यलो. चैतात बोलनार होतो. अन् तुमी मधातच धोतर नेसून आले."

गुणवंतरावांनी मघाच्या सगळ्या उत्तरांवर एक लांब रेघ मारली. मग पोलीस पाटलाच्या खुर्चीवर बसून त्यांनी तक्ता नव्यानं भरायला घेतला, आणि या वेळी फक्त मुखरूला विचारलं. मुखरूनं काही लपवलं नाही. लटारू आळशी होता, नाटकवेडा होता, आणि त्याच्या घरी शेती म्हणावी तर परसातली भाजी तेवढी. खुशालनं आपली सहाही एकर मुकाट्यानं परत घेतली. सुगंधाबाई बैल सोडून घेऊन गेली.

बाविसाव्या प्रश्नापाशी गुणवंतरावांची लेखणी थांबली. 'फिर्यादीचा या मुलावर पुन्हा विश्वास बसला आहे काय?'

"मास्तर, सात जिल्हे फिरलो," ते म्हणाले. "या रकान्यात मी सगळीकडे आडवी रेघ मारत आलोय. फिर्यादी मला दारात उभं करत नाहीत." मग त्यांनी शाईत टाक बुडवला आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'होय. मुलगी देत आहे.'

"म्हंजे शाळा?" मास्तरांनी विचारलं.

"चालू राहील. मी लिहितोय ना."

मास्तर जिथे होते तिथेच, गोठ्याच्या कुडाला टेकून खाली बसले. छातीवरचा धोंडा कोणी उचलून बाजूला ठेवावा, तसं त्यांना मोकळं वाटलं. देवकाबाईनं त्यांच्यासाठी पाण्याचा तांब्या आणला आणि पुढ्यात ठेवला. तिचेही डोळे अजून कोरडे झाले नव्हते, पण आता ती हसत होती.

मुखरूचं मात्र समाधान झालेलं नव्हतं. नागपूरवाले गोड बोलून गेले आणि मागून मागणी घातली तर, अशी त्याला धास्ती होती. तो कागद मागू लागला. कितीही समजावलं तरी ऐकेना, तेव्हा गुणवंतरावांनी कोऱ्या कागदावर लिहून दिलं की नागपूरकडील कोणाही इसमाचा लटारूवर सोयरिकीचा काही हक्क नाही व पुढेही राहणार नाही. खाली सही केली. साक्षीदार म्हणून दादाजी मास्तरांनी सही केली आणि कोतवालानं अंगठा दिला. मुखरूनं कागद शाई वाळेपर्यंत उन्हात धरला, आणि जाळ्यातली मोठी मासळी काढून गुणवंतरावांच्या हातात ठेवली.

संध्याकाळच्या गाडीनं गुणवंतराव मूलच्या स्टेशनातून गेले. त्या रात्री मास्तरांना आठवड्यानं पहिल्यांदा गाढ झोप लागली, इतकी की सकाळी शाळा उघडायलाही उशीर झाला.

पोरं दारात वाट पाहतच उभी होती. मास्तरांनी कुलूप काढता काढता सगळं सांगितलं. शाळा चालू राहणार, कोणीही तुरुंगात जाणार नाही, आणि लटारूची सोयरीक जमली. लटारू आधी पांढरा पडला, मग लाल झाला, आणि कोणी हाक मारायच्या आत रंधा घेऊन मागच्या बाजूला जाऊन बसला. तिथून बराच वेळ जोरजोरात लाकूड तासल्याचा आवाज येत होता.

बाकीच्या पाच जणांनी मात्र त्या दिवशी हत्याराला हात लावला नाही. कोपऱ्यात त्यांची काहीतरी खुसफुस चालली होती. दुपारच्या सुट्टीत ती सगळी विहिरीवर जाऊन आंघोळ करून आली. केसांना तेल लावलं, भांग पाडला, आणि मास्तरांच्या पुढ्यात ओळीनं उभी राहिली. त्यांच्यातला सगळ्यांत वांड बुधू, कोंबड्या पळवणारा, मान खाली घालून पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होता.

"काय रे?" मास्तर म्हणाले.

"काही नाई जी," बुधू म्हणाला. "तो साहेब आमच्या गावाले कवा येनार हाये?"